ब्रेक लावला की थरथर

त्या हिवाळ्यात आमच्या घरात चौघं राहत होतो असं म्हणायला हरकत नाही: बाबा, आई, मी आणि गाडीची थरथर. आम्ही तिघं जेवायला बसलो की चौथी आधीच ताटाशी हजर. आमटी वाढता वाढता आई विचारायची, "आज कशी होती हो?" आणि बाबा, दवाखान्यात ठेवलेल्या आत्याबद्दल सांगावं तशा आवाजात म्हणायचे, "सकाळी बरी होती. संध्याकाळी परत सुरू." मी सोळा वर्षांची होते. त्या वयात आपल्याबद्दल कोणीतरी काहीतरी विचारावं असं वाटतं. माझ्याबद्दल विचारण्यासारखी एक फार मोठी गोष्ट त्याच टेबलावर, फळांच्या टोपलीखाली, एका कागदाच्या रूपात पडून होती, आणि त्या कागदावर बाबांची सही होत नव्हती. त्याच्याकडे येतेच. पण आमच्या घरात आधी थरथरीचा नंबर असायचा, म्हणून इथेही तिचाच.

गाडी एरवी गुणी होती. सरळ धावताना तक्रार नाही, वळताना तक्रार नाही. जरा वेगात असताना ब्रेकवर पाय ठेवला की मात्र स्टिअरिंगला हुडहुडी भरायची. ती बाबांच्या मनगटातून कोपरापर्यंत चढायची, आरसा थरथरायचा, आणि मागच्या सीटवर माझ्या मांडीवर असलेला स्टीलचा डबा झाकणासकट वाजायला लागायचा. आम्ही कुठेही गेलो तरी माझ्या मांडीवर डबा असायचाच, कारण जर्मनीतल्या आमच्या रेगेन्सबर्गमधून बाहेर पडताना रस्त्यात कोणी उपाशी मरेल अशी आईला खात्री होती. आई दरवाज्यावरचं हँडल दोन्ही हातांनी धरून म्हणायची, "अहो, सावकाश." बाबा म्हणायचे, "सावकाशच करतोय ना? म्हणूनच ब्रेक लावला!" हा संवाद मी एवढ्या वेळा ऐकला आहे की आजही कुठे झाकण वाजलं की पुढचं वाक्य माझ्या ओठांवर येतं.

थरथर पहिल्यांदा आली ती ख्रिसमसच्या बाजारांचे दिवस सुरू झाले तेव्हा. न्युर्नबर्गला आईच्या मैत्रिणीकडे जेवून आम्ही परत येत होतो. ऑटोबान सोडताना बाबांनी ब्रेक लावला आणि डबा वाजला. मग बाबा म्हणाले, "रस्ता खराब आहे." नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते मी पुस्तकातून शिकले नाही, त्या दिवशी मागच्या सीटवर बसून शिकले. ज्या देशात रस्त्याला तडा गेला तर आधी चार महिने फलक लागतात, मग दोन महिने दिवे लागतात आणि मग तो खणतात, त्या देशात आमचे बाबा म्हणत होते रस्ता खराब आहे. मी जर्मनमधून म्हणाले की मग बाकीच्या गाड्या का नाही थरथरत. "त्यांचं त्यांना माहीत," बाबा मराठीतून म्हणाले. आमच्या घरात असंच चालायचं. ते दोघं मराठीत विचारायचे, मी जर्मनमध्ये उत्तर द्यायची. मराठीत मी बोलायची ती फक्त काही मागायचं असेल किंवा लपवायचं असेल तेव्हा, आणि हे त्या दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. आता साठी उलटल्यावर मी हे मराठीत लिहिते आहे ते पाहून दोघांनीही संशयाने माझ्याकडे पाहिलं असतं.

बाबा पुण्याचे मेकॅनिकल इंजिनियर. हे वाक्य ते स्वतः दिवसातून एकदा तरी म्हणायचे. खरी गोष्ट अशी की पुणे सोडल्यापासून ते एका कंपनीत गाडीच्या काचा वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर लिहीत होते. बारा वर्षं काच वर, काच खाली. हातात पाना धरायची संधी नाही, नखात काळं जायची संधी नाही, आणि आतून मात्र माणूस इंजिनसाठी झुरत होता. म्हणून आमची गाडी कधी कोणत्या वर्कशॉपला गेली नाही. "दुसऱ्याने हात लावायचा म्हणजे माझ्या डिग्रीचा अपमान," असं ते म्हणायचे. इमारतीच्या आवारात गाडी दुरुस्त करायला बंदी. आमच्या इमारतीत रविवारी दुपारी कुकरची शिट्टी झाली तरी खालच्या बाई जिन्यात उभ्या राहायच्या, तिथे जॅक लावणं दूरच. मग बाबांना हेर लिंडनर सापडले.

हेर लिंडनर म्हणजे डोनाऊ नदीच्या पलीकडे, रेल्वेच्या रुळांपाशी छोटं वर्कशॉप असलेले माइस्टर, म्हणजे परीक्षा देऊन झालेले उस्ताद कारागीर. आठवडाभर ते आणि त्यांचा एक माणूस लोकांच्या गाड्या दुरुस्त करायचे आणि शनिवारी एक लिफ्ट, अवजारांसकट, आमच्या बाबांसारख्या हौशी लोकांना तासावर द्यायचे. ठेंगणा, रुंद माणूस, बोलणं बवेरियन, म्हणजे अर्धं तोंडातच राहिलेलं. बाबांना ते "हेर इंजेन्योर", म्हणजे इंजिनियरसाहेब, म्हणायचे. त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे बाबांनी कधी तपासलं नाही. हौशी माणूस चुकीचा बोल्ट काढत असला तरी ते लांबून बघत राहायचे. "जा माई," एवढंच म्हणायचे, म्हणजे असो, काय करणार. मात्र एका बाबतीत ते कोणाचं ऐकत नसत. ब्रेकची डिस्क ज्या गोल लोखंडी बैठकीवर बसते, जिला आपण हब म्हणतो, ती तारेच्या ब्रशने आरशासारखी घासल्याशिवाय त्यांच्या लिफ्टवर कोणी नवी डिस्क बसवायची नाही. बाबा ऐकणारे नव्हते, पण हे त्यांनी ऐकलं.

त्या वर्षी दसरा शनिवारी आला होता आणि बाबांनी मुहूर्त साधून पुढच्या दोन्ही डिस्क बदलायला काढल्या होत्या. आईचं म्हणणं, नवी वस्तू आणि अवजारं यांची पूजा झाल्याशिवाय कामाला लावायची नाहीत, आणि गाडी लिफ्टवर असेल तर पूजाही लिफ्टपाशीच होईल. मग आम्ही तिघं निघालो, माझ्या मांडीवर एकावर एक दोन डबे आणि वर पूजेचं ताट. बाबा तासभर ब्रशने घासत होते. घासून झालं की मला बोलवून दाखवायचे, "बघ, तोंड दिसतंय." आईने पान्यांना हळदकुंकू लावलं, नव्या डिस्कना लावलं, लिफ्टच्या खांबालाही लावलं. हेर लिंडनर टोपी काढून हातात धरून उभे राहिले. एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी चकली मिळाल्यावर मात्र विचारलं की ही रोज मिळू शकेल का. तो दिवस आमच्या घरातला फार चांगला दिवस होता. परत येताना गाडी लोण्यासारखी थांबत होती आणि बाबा मुद्दाम प्रत्येक सिग्नलला ब्रेक लावून दाखवत होते.

दीड-दोन महिन्यांनी थरथर आली ती अशी. रस्ता खराब आहे हे मत बाबांनी तीन दिवसांत सोडलं आणि मग जे सुरू झालं त्याने माझे सगळे शनिवार खाल्ले. आधी टायरांवर संशय. हिवाळी टायर परत बॅलन्स करून घेतले, थरथर तशीच. मग ब्रेक पॅड बदलले, तशीच. मग पुढच्या चाकांना धरून ठेवणाऱ्या दांड्यांमधली रबरं झिजली असतील म्हणून ती बदलली. त्यात दोन शनिवार गेले आणि बाबांच्या अंगठ्याचं नख गेलं. थरथर आहे तशीच, उलट आता तिच्याबरोबर एक बारीक किरकिर आली. रात्री जेवल्यावर बाबा फोनवर व्हिडिओ लावून बसायचे. कोणी अमेरिकेतला, कोणी तमिळनाडूतला, प्रत्येकाचं निदान वेगळं. पुण्याहून काका व्हिडिओ कॉलवर सांगायचे, "अरे, ड्रायव्हर ठेव." मी टॉर्च धरायची. "इकडे धर," "तिकडे नको," "हलू नकोस," "हललीस ना!" टॉर्च धरणाऱ्या माणसाने कधीही बरोबर धरलेला नसतो. माझ्या हाताखालची पोरं मला आज चिडकी म्हणतात, त्यांनी माझे ते शनिवार पाहायला हवे होते.

एकदा हेर लिंडनर लांबूनच म्हणाले, "नाबे?" नाबे म्हणजे तेच, हब. बाबा जवळजवळ ओरडले की ती मी स्वतः घासली आहे, तुमच्या डोळ्यांदेखत. "गेनाऊ," हेर लिंडनर म्हणाले, बरोबर आहे, त्यांनी पाहिलं होतं. आणि विषय संपला. फेब्रुवारीत बाबांनी हार मानून डिस्कच परत नव्या आणल्या. जुनी काढल्यावर हबवर जरासा लालसर डाग दिसला. "हवेचा गंज," बाबा म्हणाले, "त्याला काही होत नाही," आणि फडक्याने पुसल्यासारखं करून नवी बसवली. महिनाभर गाडी बरी चालली. त्या महिन्यात बाबा शीळ घालायला लागले होते. मग एका रविवारी डबा वाजला. बाबांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसते बसून राहिले. मला त्यांची दया आली असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण खरं सांगायचं तर मला तेव्हा गाडीतून उतरून चालत घरी जावंसं वाटलं.

आता तो कागद. शनिवारी टॉर्च धरून धरून मला एक गोष्ट कळली होती. टॉर्च मी हेर लिंडनरच्या लिफ्टकडे वळवायला लागले होते. ते आवाज ऐकून सांगायचे कुठे काय आहे, आणि मलाही ऐकू यायला लागलं होतं. मी रियालशूलमध्ये, म्हणजे दहावीनंतर कामधंद्याकडे नेणाऱ्या शाळेत, दहावीला होते. त्यातच बाबांचं निम्मं काळीज गेलं होतं, कारण पुण्याला सगळ्यांना मी गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, आहे असंच सांगितलेलं होतं. हेर लिंडनरना शिकाऊ हवा होता. त्यांनी मला विचारलं, मी हो म्हटलं, आणि त्यांनी आउसबिल्डुंगचा, म्हणजे शिकाऊ उमेदवारीचा, करार छापून दिला, साडेतीन वर्षांचा. मी अठराच्या आत, म्हणून आई आणि बाबा दोघांच्या सह्या हव्यात, आणि त्याही ईस्टरच्या आधी. नाहीतर जागा दुसऱ्या मुलाला जाणार होती. तो मुलगाही वर्कशॉप बघून गेला होता. मला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी इतकं हवं होतं की झोपेतही दात आवळलेले असायचे.

"मेकॅनिकल इंजिनियरची मुलगी मेकॅनिक होणार," बाबा कागदाकडे न बघता म्हणायचे. "मागे जायचंय का आपल्याला?"

"अहो, तिला आवडतंय," आई म्हणायची.

"मला भजी आवडतात. मी भजीवाला झालो का?"

"झाला असतात तर बरं झालं असतं, निदान गाडी नीट चालली असती," असं मी जर्मनमधून म्हणाले. ते म्हणायला नको होतं हे म्हणता म्हणताच कळलं. बाबांनी ताटावरून हात उचलला. त्यांचा राग नाकावर असायचा, पण त्या दिवशी तो नाकावर आला नाही, डोळ्यांत आला, आणि ते फार वाईट होतं. "एवढं कळतं ना तुला?" ते म्हणाले. "मग तू शोध. मी हात लावत नाही. या शनिवारी ती थरथर कशाने येते ते मला दाखव. सापडलं तर सही. नाही सापडलं तर हा कागद मी फाडीन आणि पुढे शिकायचं, मुकाट्याने." जेवण झाल्यावर टेबल पुसताना मी टोपली उचलली तर कागदावरच्या दोन रेघांपैकी एका रेघेवर आईची सही होती, देवनागरीत, पूर्ण नावाची, शाळेतल्या वहीवर घालावी तशी सावकाश घातलेली. ती कधी केली कोणास ठाऊक. मला म्हणाली, "पाणी सांडेल त्याच्यावर, नीट ठेव."

शनिवारी आम्ही तिघं गेलो. बाबांनी डिकीत डिस्कची तिसरी जोडी, खोक्यात बंद, आधीच आणून ठेवली होती. माझ्यावर त्यांचा विश्वास एवढाच. ते वर्कशॉपच्या बाहेर बाकावर मोबाईल घेऊन बसले, माझ्याकडे पाठ करून. आई थर्मास आणि थालीपिठांचा डबा घेऊन त्यांच्या शेजारी. हेर लिंडनर आत फोनवर एका गिऱ्हाइकाशी भांडत होते. जाता जाता त्यांनी माझ्या हातात एक घड्याळासारखं उपकरण ठेवलं. त्याला एक बारीक सुई असते. ती फिरत्या डिस्कला टेकवली की डिस्क केसभर जरी वेडीवाकडी फिरत असली तरी काटा सांगतो. उजवीकडची डिस्क हाताने फिरवली. काटा जागच्या जागी. डावीकडची फिरवली. काटा गेला, परत आला. पुन्हा गेला, परत आला. डिस्क नवीच होती. म्हणजे दोष डिस्कमध्ये नाही, डिस्क ज्याच्यावर बसली आहे त्याच्यात. म्हणजे हब. म्हणजे बाबांनी तासभर घासलेली, तोंड दिसणारी हब. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

डिस्क काढली. तो लालसर डाग तिथेच होता. मी टॉर्च जवळ नेला, या वेळी बरोबर धरला. हवेचा गंज असा नसतो, हे तेवढं मला कळत होतं. हा एका जागी, नाण्याएवढा, कडेला पिवळसर, आणि मध्ये काहीतरी चपटं, कडक, दाबून दाबून लोखंडाला चिकटलेलं. मी पातीने खरवडलं. फडक्यावर पडला तो तांदळाचा दाणा होता. कुंकवात भिजलेला, पापडासारखा चपटा झालेला, अख्खा एक दाणा, आणि त्याच्या शेजारी अर्धा.

आणि मला दसरा दिसला. बाबा हातमोजे शोधायला पलीकडे गेले होते. घासून चकचकीत झालेली ती गोल बैठक, मध्ये वर आलेला उंचवटा. आई तिच्यासमोर उभी राहून म्हणाली होती, "अगंबाई, पिंडीसारखंच दिसतंय," आणि चिमूटभर ओल्या अक्षता वाहून हात जोडले होते. मी पाहिलं होतं. मी तिथेच होते, टॉर्च घेऊन. बाबांनी येऊन वरून डिस्क चढवली, आणि पाच महिने आम्ही त्या दीड दाण्यावर बसून फिरत होतो. तिरकी बसलेली डिस्क लगेच थरथरत नाही, फिरता फिरता एका बाजूने झिजते आणि महिना-दीड महिन्याने थरथरायला लागते. टायर, पॅड, रबरं, नख, सगळं त्या दीड दाण्याने नेलं. मला हसू आलं. मग ते थांबलं, कारण माझ्या लक्षात आलं की आता हे बोलायचं कसं.

खरं सांगावं तर आई सापडते. हेर लिंडनर आतून येतील, बाबा त्यांच्यासमोर तिला काय काय बोलतील ते मला पाठ होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे ती काहीच बोलणार नाही. त्या कागदावर सगळ्यात आधी सही केलेली बाई ती. गंज होता असं सांगावं तर बाबा सापडतात. म्हणजे घासलं नव्हतं. म्हणजे पुण्याच्या मेकॅनिकल इंजिनियरला ब्रशसुद्धा नीट मारता आला नाही, आणि हे त्यांना त्यांची मुलगी सांगतेय, जिच्या कागदावर त्यांची सही हवी आहे. मी फडकं मुठीत चुरगाळून उभी होते. ते दोघं बाकावरून उठून आत आले.

"काय?" बाबा म्हणाले.

"गंज होता, बाबा," मी म्हणाले. मराठीत.

तिथेच चुकलं. बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग आवाज चढला. "गंज? मी घासलीय ती! माझ्या हातांनी! या लिंडनरने पाहिलंय! काही सापडलं नाही म्हणून आता माझ्यावर ढकलतेस होय? आण ते फडकं इकडे." मी फडकं मागे घेतलं. सोळा वर्षांची असले तरी मी तेव्हा सहा वर्षांच्या मुलीसारखं दोन्ही हातांनी ते पाठीमागे धरलं. बाबांनी माझी मूठ उघडली, फडकं घेतलं, उलगडलं. आई थर्मासचं झाकण उघडत होती, तिची आमच्याकडे पाठ होती.

बाबांनी तो दाणा चिमटीत धरून उजेडात नेला. बराच वेळ धरला. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी आज इतक्या वर्षांनीही सांगू शकते: आधी काहीच न कळणं, मग सगळं एकदम कळणं, मग तो ओळखीचा राग, नाकापर्यंत आलेला. ते आईकडे वळले. तोंड उघडलं. आई म्हणाली, "साखर कमी घातलीय हं, तुमची शुगर," आणि चहाचा कप पुढे केला. त्याच वेळी हेर लिंडनर हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "ना, हेर इंजेन्योर? काय होतं मग?"

बाबांनी मूठ मिटली. त्यांनी कप घेतला. मग आपल्या त्या पुस्तकी, शिस्तशीर जर्मनमध्ये, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "रोस्ट. गंज. मी हब नीट साफ केली नव्हती. माझी चूक."

माझ्या उभ्या आयुष्यात बाबांच्या तोंडून "माझी चूक" हे शब्द मी त्याआधी ऐकले नव्हते, त्यानंतरही नाहीत. आणि ते त्यांनी त्या माणसासमोर म्हटले ज्याच्यासमोर ते कधी साधं "माहीत नाही" म्हणाले नव्हते. बाबांना ती हब घासताना हेर लिंडनरनी पाहिलं होतं. त्यांनी एकदा हबकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, एकदा बाबांच्या मिटलेल्या मुठीकडे. "जा माई," ते म्हणाले. "होतं असं." मला वाटतं चांगला माइस्टर होण्यासाठी जे काही लागतं त्यातलं अर्धं मी त्या दोन शब्दांत शिकले. उरलेलं अर्धं साडेतीन वर्षांत.

मी दोन्ही हब घासल्या, तोंड दिसेपर्यंत. तिसऱ्या जोडीतल्या डिस्क बसवल्या, सुई लावली, काटा हलला नाही. बाबांनी टॉर्च धरला होता. मी एकदाही "हलू नका" म्हटलं नाही, खरं तर ते हलत होते. मग मी जॅकेटच्या आतल्या खिशातून कागद काढला. बाबांनी तो गाडीच्या बॉनेटवर ठेवला, आईची सही पाहिली, तिच्याकडे पाहिलं. "तू आधीच केलीस?" आई म्हणाली, "पेन होतं हातात." बाबांनी तिच्या सहीखाली सही केली. हाताला ग्रीस होतं, कोपऱ्यात अंगठा उमटला. हेर लिंडनर म्हणाले चालेल, असाच पाठवू, उलट असाच पाठवू. घरी येताना बाबांनी ऑटोबानवरून लांबचा रस्ता घेतला, वेग वाढवला आणि उतरताना ब्रेक लावला. माझ्या मांडीवरचा डबा वाजला नाही. आईने "सावकाश" म्हटलं नाही.

आताच्या गाड्या ब्रेकला पाय न लावताही निम्म्या थांबतात. डिस्क झिजत नाहीत, गंजून मरतात. तरीही माझ्या वर्कशॉपमध्ये हब घासल्याशिवाय नवी डिस्क चढत नाही, आणि नवं पोर कुरकुरलं की मी त्याला हातात ब्रश देते, कारण देत नाही. त्या दाण्याचं बाबांनी काय केलं मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. तो विषय आमच्या तिघांत पुन्हा कधी निघाला नाही, एकदा सोडून.

ते पुढच्याच दसऱ्याला. मी हेर लिंडनरकडे लागून सहा आठवडे झाले होते. माझ्या नावाची चिठ्ठी लावलेली अवजारांची पेटी होती, आणि तिची पूजा करायला आई ताट घेऊन आली. बाबा रजा टाकून आले होते, शर्टाला इस्त्री करून. पुण्याला काकांना त्यांनी आदल्या रात्री फोनवर सांगितलं होतं की मुलगी गाड्यांच्या लाइनला आहे, जर्मनीत त्याला फार मान असतो. आईने पेटीला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. उघड्या लिफ्टवर कोणाची तरी गाडी होती, चाकं काढलेली, हब उघडी. आई तिच्यासमोर क्षणभर थांबली, लांबूनच हात जोडले आणि ताट खाली ठेवलं. मी पाहिलं तर ताटातली एक वाटी रिकामी होती.

"अक्षता?" मी विचारलं.

"यंदा नाही आणल्या," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता, पेटीतले पाने सरळ करत. "लोखंडात अडकतात."

बाबा लिफ्टच्या खांबावरची सूचना वाचत होते, जी ते वर्षभर वाचत आले होते. न वळताच म्हणाले, "गंज अडकतो. लोखंडात गंज अडकतो."

"तेच म्हणतेय मी," आई म्हणाली, आणि हेर लिंडनरपुढे चकल्यांचा डबा उघडला.